रंगवलेला मॉडेल रणगाडा बघायचा कसा? "भारी" म्हणण्याच्या पुढची गोष्ट

ग्रुपवर फोटो येतो. अंगभर धूळ बसलेला रणगाडा, मागच्या बाजूला काळा धूर चिकटलेला, चाकांत वाळलेला चिखल. आपण समजतो सीमेवरचा असेल, आणि मग दुसऱ्या फोटोत त्याच्या बाजूला चहाचा कप दिसतो तेव्हा कळतं की हा तर टेबलावर मावणारा प्लास्टिकचा आहे. त्यानंतरच्या कमेंट ठरलेल्या, "भारी", "खतरनाक भाऊ", आणि एक जण हमखास विचारतो, "खेळण्याले एवढा टाइम कायले देऊन राहिला बे?"

कौतुक करणाऱ्यालाही नेमकं काय आवडलं ते सांगता येत नाही आणि नावं ठेवणाऱ्यालाही नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही. गाणं ऐकताना सूर कुठे लागला ते निदान कानाला कळतं, इथे डोळ्याला कुठे बघायचं हेच माहीत नसतं. ते माहीत झालं की दोन मिनिटांत चांगलं काम आणि नुसतं रंग फासलेलं काम वेगळं ओळखू येतं, त्यासाठी स्वतः ब्रश हातात घ्यायची गरज नाही.

आधी स्केल, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे

मॉडेल सुट्या प्लास्टिकच्या भागांच्या किटमध्ये येतं, ते जोडून रंगवायचं. त्याच्या बॉक्सवर १:३५ लिहिलेलं असतं. म्हणजे खऱ्या रणगाड्याची लांबी, रुंदी, उंची, सगळं पस्तीसने भागलेलं. भारतीय सैन्याने अनेक वर्षं वापरलेला टी-५५ घ्या, त्याची बॉडी तोफेची नळी सोडून साधारण साडेसहा मीटर, तर मॉडेल होतं साडेअठरा सेंटीमीटरच्या आसपास. त्याच्या बाजूला उभा केलेला पावणेसहा फुटी जवान पाच सेंटीमीटरचा. १:७२ आणि १:४८ पण असतात, पण रणगाड्यांच्या दुनियेत राज्य १:३५ चं.

हा पस्तीस आकडा आला कुठून याची गोष्ट गमतीची आहे. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं किट काढलं, आत मोटर आणि बॅटरी बसल्या पाहिजेत म्हणून त्या हिशोबाने आकार ठेवला, आणि नंतर मोजून पाहिलं तर ते १:३५ च्या जवळपास निघालं. म्हणजे जगभरातले लोक आज ज्या मापाने मॉडेल बनवून राहिले ते बॅटरीने ठरवलेलं माप आहे.

आता स्केलचा खरा उपयोग बघा. मॉडेल तुम्ही डोळ्यापासून एक फुटावर धरून बघता, साधारण तीस सेंटीमीटर. त्याला पस्तीसने गुणा. साडेदहा मीटर. म्हणजे तुम्ही खरा रणगाडा साडेदहा मीटरवर उभं राहून बघून राहिले. तेवढ्या अंतरावरून जे दिसणार नाही ते मॉडेलवर दिसता कामा नये, आणि जे दिसेल ते सुटता कामा नये.

एक मिलिमीटरचा रंग उडालेला टवका खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटीमीटरचा होतो. कागदाएवढा, म्हणजे ०.१ मिलिमीटर जाड रंगाचा थर खऱ्यावर साडेतीन मिलिमीटरचा लेप होतो, जणू कोणी पुट्टी मारली. म्हणून चांगल्या मॉडेलवर रंग इतका पातळ असतो की खालचे रिव्हेट, वेल्डिंगची रेघ, हॅचची (आत उतरायच्या झाकणाची) बिजागरी सगळं धारदार दिसतं. नखाएवढ्या भागात बघा, रेघा बुजल्या असतील तर पुढचं बघायची फारशी गरज उरत नाही.

वजन नसलेल्या वस्तूला वजन कसं येतं?

टी-५५ साधारण ३६ टनांचा. लांबी पस्तीसने भागली की वजन ३५ गुणिले ३५ गुणिले ३५ ने भागलं जातं, कारण तिन्ही बाजूंनी तो लहान होतो. हिशोब करा, ८४० ग्रॅम येतात. पोकळ प्लास्टिकचं किट तेवढंही भरत नाही. म्हणजे हातात हलकं लागणारी वस्तू डोळ्याला ३६ टनांची वाटली पाहिजे, आणि ही फसवणूक सगळ्यात आधी ट्रॅकमध्ये पकडली जाते. ट्रॅक म्हणजे चाकांवरून फिरणारा तो लोखंडी पट्टा.

टी-५५ ला वरच्या बाजूने ट्रॅक उचलून धरणारे छोटे रोलर नसतात. त्यामुळे पट्ट्याचा वरचा भाग स्वतःच्याच वजनाने खाली लोंबतो आणि मोठ्या चाकांच्या डोक्यावर टेकतो. स्वस्तात बनवलेल्या मॉडेलमध्ये रबरासारखा एकसंध पट्टा ताणून बसवलेला असतो, एकदम सरळ, शिवणयंत्राच्या पट्ट्यासारखा, आणि तिथेच सगळा रणगाडा हलका होऊन जातो. मन लावून बनवणारा एकेक कडी वेगळी जोडतो, मग हवा तो झोल देतो. चाकांमधलं अंतरही बघा, टी-५५ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या चाकात बाकीच्यांपेक्षा मोठी फट असते. दिसायला त्याच्यासारखाच असलेल्या टी-६२ मध्ये मोठ्या फटी मागच्या चाकांमध्ये असतात. खाली टी-६२ ची पाटी आणि फट पुढे दिसली तर बनवणाऱ्याला विचारायला हरकत नाही, वाद मात्र तासभर चालेल याची तयारी ठेवा.

वरचं डोकं, म्हणजे टरेट, हे टी-५५ चं ओतीव आहे, साच्यात पोलाद ओतून केलेलं. त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो. किटमधलं प्लास्टिक मात्र बऱ्याचदा गुळगुळीत येतं. मग काही लोक त्यावर पातळ पुट्टी आणि प्लास्टिक विरघळवणारा ग्लू एकत्र करून ताठ ब्रशने टोचत जातात, त्याने दाणेदारपणा येतो. बॉडीच्या सपाट प्लेटा मात्र रोल केलेल्या असतात, त्या गुळगुळीतच पाहिजेत. टरेट खरखरीत आणि बाकीचं गुळगुळीत, हा फरक बोटाला क्वचित कळतो, तिरप्या उजेडात डोळ्याला लगेच कळतो. मोबाइलचा टॉर्च बाजूने धरून बघा.

इतके थर चढतात, मग खालचा रंग खराब होत नाही का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. उत्तर केमिस्ट्रीत आहे पण सोपं आहे: वरचा थर ज्याच्यात विरघळतो त्याच्यात खालचा थर विरघळता कामा नये, बस.

आधी प्रायमर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून खालचा पहिला थर, मग एअरब्रशने मुख्य रंग. एअरब्रश म्हणजे पेनाएवढी फवारणी, कंप्रेसरच्या हवेवर चालणारी, रंग दुधाएवढा पातळ करून मारायचा. हा रंग बहुतेक वेळा ॲक्रिलिक. तो नीट वाळला की व्हाइट स्पिरिटला, म्हणजे ऑइल रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनसारख्या द्रवाला, दाद देत नाही. म्हणून पुढचं काम ऑइल किंवा इनॅमल रंगांनी, व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून. चूक झाली तर पुसून काढा, खालचा हिरवा तसाच.

यातलं वॉश हे काम बघण्यासारखं. चहाच्या पाण्याएवढा पातळ गडद तपकिरी रंग बारीक ब्रशच्या टोकावर घ्यायचा आणि वेल्डिंगच्या रेघेला एका जागी नुसता टेकवायचा. रंग आपोआप रेघेतून पळत जातो, कारण बारीक फटीत द्रव स्वतःहून ओढला जातो. पण हे होण्यासाठी खालचा पृष्ठभाग चकचकीत पाहिजे, म्हणून आधी ग्लॉस वार्निश मारलेलं असतं, आणि सगळं झालं की मॅट वार्निशने ती चमक परत मारायची. वॉश कुठे आहे ते बघा. फक्त खाचेत असेल तर हात साफ आहे. खाचेच्या बाजूने मळकट ढग पसरलेला असेल तर घाई झाली.

ऑइल रंग म्हणजे काही परदेशी लागतात असं नाही, स्टेशनरीच्या दुकानातल्या कॅमलिनच्या ट्यूबही चालतात. फक्त रंग पुठ्ठ्यावर काढून थोडा वेळ ठेवायचा, पुठ्ठा रंगातलं जवसाचं तेल पिऊन घेतो आणि मग तो रंग वाळल्यावर चमकत नाही.

आणि हेअरस्प्रे. हो, केसांचा. खाली गंजाचा तपकिरी, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर हिरवा ॲक्रिलिक. आता हिरव्यावर पाणी लावून जुन्या ब्रशने हलकं घासलं की पाणी आत शिरून हेअरस्प्रे सैल करतं आणि हिरवा रंग वेड्यावाकड्या टवक्यांनी निघतो, खाली गंज दिसतो. हे टवके हाताने काढलेल्या ठिपक्यांपेक्षा खरे वाटतात, कारण ते काढलेले नाहीत, खरंच उडालेले आहेत.

ऊन काही पस्तीसने भागलं जात नाही

रणगाडा लहान झाला, पण उजेड लहान झाला नाही. खऱ्या रणगाड्यावर वरून ऊन पडतं तेव्हा टरेटखाली काळीशार सावली येते, वरचे भाग उजळून निघतात. हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली वीस सेंटीमीटरच्या वस्तूवर हे होत नाही, सगळीकडे सारखा उजेड. मग रंगवणारा ते ऊनच रंगवतो. वरच्या प्लेटा मूळ हिरव्यापेक्षा उजळ, खालच्या आणि कोपऱ्यातल्या गडद. बाटलीतला सैन्याचा हिरवा जसाच्या तसा मारला तर छोटं मॉडेल काळपट दिसतं, म्हणून बरेच जण त्यात आधीच थोडा पिवळट किंवा फिकट रंग मिसळतात. यावर मतभेद आहेत, काही म्हणतात जो रंग आहे तोच मारा. मला उजळ केलेला बरा वाटतो, पण खेळण्यासारखा पोपटी झाला की मजा गेली.

इथे आपल्या नागपूरच्या माणसाला एक फायदा आहे. चितारओळीत गणपतीच्या आधी मूर्ती बघत फिरलेल्या माणसाला हे सगळं आधीपासून कळतं, फक्त त्याला ते माहीत नसतं. शेल्याच्या घडीत गडद रंग, घडीच्या माथ्यावर उजळ, सोंडेच्या वळणावर फवारणीने हळूच उतरत गेलेली छटा, हे आपण दोन मूर्ती समोर ठेवून बरोबर निवडतो की. तोच डोळा इथे लावायचा. फरक एकच आणि तो मोठा आहे: मूर्तीत सगळा जीव आखीव डोळ्यांत, आणि १:३५ च्या सैनिकात डोळे जवळजवळ नसतातच. साडेदहा मीटरवरून माणसाच्या डोळ्यातलं पांढरं दिसत नाही, दिसते ती भुवईखालची सावली. सहा-सात मिलिमीटरच्या चेहऱ्यावर पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचे डोळे काढले की तो जवान भूत बघितल्यासारखा दिसतो. तपकिरी रेघेवर थांबलेला हात जास्त तयार समजायचा.

"चांगला रंगवला होता, मग घाण कायले केला?"

हा आक्षेप घरातूनच येतो, बहुतेक आईकडून. त्यात तथ्यही आहे, कारण पुष्कळ लोक खरंच नुसती घाण करतात. सगळीकडे सारखा गंज, सगळीकडे टवके, जणू रणगाडा नाही, भंगारवाल्याच्या ठेल्यावरचा पिंप.

माझ्या मते मॉडेल जोखायची खरी कसोटी इथेच आहे. कुठल्याही डागावर बोट ठेवा आणि विचारा, हा इथे का आला? उत्तर मिळालं पाहिजे.

टी-५५ चं धुराडं डाव्या बाजूला, मागच्या फेंडरवर, म्हणजे ट्रॅकवरच्या पत्र्यावर. तेव्हा डिझेलची काजळी डावीकडेच पाहिजे. दोन्हीकडे सारखी काजळी दिसली तर ती सजावट. धुराड्याच्या तोंडाशी रंग जळून गंज धरतो, ते बरोबर. पण जाड प्लेटेवर ताजा टवका उडाला तर आतून लगेच केशरी गंज येत नाही, गडद तपकिरी-करडं लोखंड दिसतं. हॅचच्या कडा बुटांनी झिजतात, जिथून चालक आत-बाहेर करतो तिथे. इंजिनच्या ताकदीने ट्रॅक ओढणारं दातेरी चाक टी-५५ ला मागे असतं, त्याचे दात ट्रॅकला घासून घासून चकाकतात, आणि ट्रॅकच्या जमिनीला लागणाऱ्या कडाही. पण कडांच्या मधल्या खळग्यांत माती तशीच. डिझेल भरायच्या झाकणाजवळ सांडलेल्या तेलाचा ओघळ, त्यावर धूळ चिकटलेली, आणि तो ओघळ थोडा चमकणारा. सगळा रणगाडा मॅट आणि तेवढाच एक डाग ओला, असं दिसलं की समजायचं हा माणूस विचार करून बसला होता.

मागे एक लाकडाचा ओंडका बांधलेला असतो, रुतलेला रणगाडा बाहेर काढायला. तोही प्लास्टिकचाच. आधी फिकट मातकट रंग, त्यावर गडद ऑइल रंग, आणि तो अर्धवट ओला असताना जवळजवळ कोरड्या ताठ ब्रशने लांबीच्या दिशेने एकदाच ओढायचं. ब्रशच्या केसांच्या रेघा म्हणजेच लाकडाच्या रेषा. दोनदा ओढलं की रंग एकजीव होतो, लाकूड जातं. बाकीचा रणगाडा कितीही चांगला असो, मी आधी हा ओंडका बघतो.

मग चिखल. विदर्भातल्या माणसाला चिखलाबद्दल सांगायची गरज नाही, आपली काळी माती ओली असताना काळी, वाळली की राखाडी. मॉडेलवरही हाच नियम, ओला चिखल गडद, वाळलेला फिकट, आणि दोन्ही एकाच रणगाड्यावर पाहिजेत: आतल्या चाकांत, जिथे वारा-ऊन लागत नाही तिथे ओला, बाहेर सुका. पण रंग कुठल्या मातीचा ते लढाई ठरवते. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तरला आपल्या सैन्याने शेतं पाण्याने भरून टाकली आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्यात रुतले, तिथेच जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने लढताना अब्दुल हमीद यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आता कोणी असल उत्तरचा पॅटन म्हणून राजस्थानी वाळवंटाची पिवळी धूळ उडवलेला रणगाडा ठेवला तर रंगकाम कितीही सुंदर असो, गोष्ट चुकली.

"थ्रीडी प्रिंटर आला ना आता, हाताचं काय उरलं?"

आकार उरला नाही, हे मान्य. प्रिंटर आज असे बारीक स्क्रू आणि साखळ्या काढतो की जुन्या किटने लाजावं. पण प्रिंटरमधून निघतो तो एकाच रंगाचा तुकडा, आणि आपण आतापर्यंत जे बोललो ते जवळजवळ सगळं त्याच्यानंतर सुरू होतं. उलट प्रिंटच्या थरांच्या बारीक रेघा घासून काढायचं एक नवीन काम वाढलं. दुकानात तयार रंगवलेले धातूचे रणगाडेही मिळतात, ठेवायला चांगले आहेत, पण कारखान्यात प्रत्येकावर तोच ओघळ त्याच जागी.

मे महिन्यात हे होतं तरी कसं?

नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की ॲक्रिलिक रंग मॉडेलवर पोहोचायच्या आधी एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच वाळतो, मग फवारा थुंकायला लागतो आणि बारीक दाणे पडतात. म्हणून रिटार्डर, म्हणजे वाळणं लांबवणारं द्रव्य मिसळायचं आणि थिनरमधल्या ब्रशने टोक पुसत राहायचं. कूलर लावा म्हटलं तर कूलर हवेत ओलावा सोडतो, वरून खसाचे कण उडून ओल्या रंगावर बसतात. बरेच जण पहाटेच फवारणी उरकतात. पावसाळ्यात दुसरंच, दमट हवेत लॅकरचं मॅट वार्निश मारलं तर त्यावर पांढुरकी झाक येते आणि हिरवा रणगाडा बुरशी आल्यासारखा दिसतो. त्यामुळे आपल्याकडच्या कोणी एकसारखा, स्वच्छ मॅट पृष्ठभाग काढला असेल तर त्यात हाताइतकाच महिना निवडण्याचाही भाग असतो.

"पण हे शेवटी युद्धाचंच कौतुक ना?"

प्रश्न रास्त आहे आणि काही मॉडेल बघून मलाही पडतो, विशेषतः जर्मन रणगाडे नुसते रुबाबदार म्हणून रांगेने मांडलेले असतात तेव्हा. पण जो माणूस काजळी कुठल्या बाजूला ते शोधतो त्याला फोटो बघावे लागतात, आणि फोटोत फक्त रुबाब नसतो. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी शत्रूचे रणगाडे उडवले आणि स्वतःच्या सेंच्युरियन रणगाड्यातच प्राण सोडला, वय २१. त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या रणगाड्याचं नाव फामागुस्ता, तो आज अहिल्यानगरला जपून ठेवलाय. त्याच शहरात कॅव्हलरी टँक म्युझियमही आहे, अनेक देशांचे रणगाडे तिथे उभे आहेत, ज्याला १:१ स्केल बघायचं त्याने जावं. फामागुस्ताचं मॉडेल करणाऱ्याला ठरवावं लागतं की तो लढाईच्या आधीचा दाखवायचा की नंतरचा. नंतरचा ठरवला तर त्या रंगकामात हौस फार वेळ टिकत नाही.

हातात दिला तर कुठे धरायचा?

शक्यतो धरूच नका, खाली वाकून बघा, डोळा ट्रॅकच्या पातळीला आणा, वरून बघितलेला रणगाडा नेहमी खेळणं दिसतो. धरायची वेळ आलीच तर दोन्ही हातांनी, खालून, बॉडीला. तोफेच्या नळीला धरून उचलणारे पाहुणे प्रत्येक घरी एकदा येऊन जातात. चाकांतली कोरडी धूळ ही खरी पावडर असते, तिला पिगमेंट म्हणतात, नुसती चिकटवलेली, बोट लागलं की बोटाचा ठसा उमटतो आणि तो ठसा पस्तीस पट करून बघा म्हणजे बनवणाऱ्याचा चेहरा का पडतो ते कळेल. साफ करायचा असेल तर फडकं नको, मऊ मेकअप ब्रश, तोही फक्त सपाट भागावर. काचेची पेटी असेल तर सगळ्यात बरं, कारण आपल्या शहरात कुठे ना कुठे रस्ता खोदून ठेवलेलाच असतो, आणि ती धूळ १:१ स्केलची आहे.